आखाजीची तारीख

ये गं बाई, जवळ ये. कागदावरून मारली म्हणून काय झालं, हाक ती हाकच. पण आधी तुझा कान धरते. कायदा शिकायला जळगावला गेलीस, मेहरूणच्या तलावाजवळ खोली घेतलीस, आणि आजीला फोन केलास तो कशासाठी? "आजी, तू सही का केलीस?" एवढं विचारलंस आणि ठेवून दिलास. विचारलं तर उत्तर ऐकायला थांबायचं असतं, माझे माय. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे तुमच्या पुस्तकात नाही का? दोन आखाज्या गेल्या, दोन अक्षय्य तृतीया, तू घरी आली नाहीस. आता मी लिहिते आणि तू वाच. मधेच उठू नकोस.

माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुडीचे कागद आणि तुझ्या बापाची जुनी पुस्तकं, एवढ्यावर वाचायला शिकले. पण गाव माझ्याकडे यायचं ते वेगळ्या कामासाठी. माझी सासू सुईण होती. तिच्यामागे मी बाळंतपणं केली. आपल्या गिरणाकाठच्या गावात दवाखाना नव्हता तेव्हा जेवढी पोरं जन्मली, त्यातली निम्मी तरी माझ्या नाहीतर सासूच्या हातावर पडली. कोण कधी झालं ते मला विचारायचे. मी सांगायची, हा पोळ्याचा, ही कानबाईच्या रोटांची, तो पहिली कपाशी वेचत होतो तेव्हाचा. तारखा आमच्याकडे नव्हत्या. सण होते, आणि सण कधी चुकत नाहीत असं आम्हाला वाटायचं.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणजे मी पाहिलेलं पहिलं, पिंजाऱ्याच्या बायकोचं. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. गावात त्यांचं एकच घर, मुसलमानाचं. खांद्यावर पिंजण घेऊन तो गल्लीतून निघाला की तारेचा आवाज यायचा, आणि आम्ही जुन्या गाद्या बाहेर काढायचो. आपल्या घरातल्या सगळ्या गाद्या-रजया त्याच्या हातच्या. तुझा बाप ज्या दुपट्यात वाढला तेसुद्धा.

माझ्या लग्नानंतरची ती पहिली आखाजी. आखाजीला सासरवाशिणीचा भाऊ मुराळी होऊन येतो, तिला माहेरी नेतो, मग झोके, आमरस, सांजोऱ्या. गावातल्या सगळ्या नव्या सुना गेल्या. माझा मुराळी धुळ्याकडून यायचा होता, तो आलाच नाही. वडील आजारी होते, हे मला चार दिवसांनी कळलं. मी परसातल्या निंबाखाली बसून रडत होते. रिकामा झोका समोर हलत होता. तेवढ्यात सासू आली.

"रडस काय? ऊठ. दिवा धर."

मी दिवा धरला. पिंजाऱ्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लागायचा. ती बाई "माय व, माय व" करत होती, सासू तिला शिव्या देत होती, आणि मी दिवा धरून तोंड फिरवलं तेव्हा सासूनं त्यातही मला एक धपाटा घातला. मुलगी झाली. पिंजाऱ्याची खोली भाड्याची, पुढं-मागं दुसऱ्याचं दगडी अंगण. बाळामागून पडलेली वार पुरायला त्यांना हातभर जागा नव्हती. सासू म्हणाली, आपल्या परसात पुर. मी निंबाच्या बुडाशी खड्डा खणला, वार पुरली, वर पाणी घातलं. तो दिवस मी कसा विसरेन? माहेरी न गेलेली आखाजी बाई मरेपर्यंत विसरत नाही.

ती पोर आपल्याच अंगणात वाढली. धुळ्याला दिली, नवरा यंत्रमागावर कामाला. तिचे आईबाप गेले, खोली दुसऱ्यांनी घेतली. मग ती आखाजीला माझ्याकडेच यायला लागली. तुला आठवते ना? तुला झोका देणारी, हिरव्या बांगड्यांची? दरवर्षी दारातूनच ओरडायची, "अक्का, मी उनी व!" मी आले गं, म्हणून. तुझ्या आजोबांना पहिला आंबा तीच पिळून द्यायची.

मग ते कागदांचं सुरू झालं. धुळ्याला त्यांच्या मोहल्ल्यात एकच चर्चा, जन्माचा दाखला काढून ठेवा, पुढं मतदार यादीला लागेल, शाळेला लागेल, कशालाही लागेल. आपल्याकडे कोणी एवढं घाबरलं नव्हतं. आपल्याला कोण विचारणार? घरात जन्मलेल्या माणसाला पूर्वी कोर्टात जावं लागायचं म्हणे. मग कायदा बदलला, ते काम तालुक्याच्या ऑफिसात आलं, आणि सगळे म्हणाले, बरं झालं, सोपं झालं. एका सकाळी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली.

"अक्का, तू मना दिवा धरेल शे. साक्षीला चल." माझ्या जन्माला दिवा तूच धरलास, म्हणून.

तेव्हा माझी नणंद इथंच होती. तिनं सुपारी कातरता कातरता ऐकलं आणि म्हणाली, "मना बी करी टाक ना व कागद." तिच्या आधारकार्डावर वय दहा वर्षांनी कमी लागलेलं. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पण कंडक्टर ऐकेना. वर म्हणायचा, "मावशी, अजून तरुण आहात की." म्हणजे बघ, एकीला दाखला हवा होता देशात राहायला आणि दुसरीला एसटीत बसायला. आम्ही तिघी एकाच रिक्षानं गेलो. वाटेत नणंद तिला म्हणाली, "तू मन्हापेक्षा घाबरट शे." ती हसली. म्हणाली, "तुमचा कंडक्टर तरी ओळखीचा आहे, आत्या."

ऑफिसच्या बाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसतो. प्रतिज्ञापत्र त्यानंच करायचं. त्यानं मला विचारलं, "जन्म केव्हाचा?"

"आखाजीचा."

"आजी, तारीख सांगा."

"अरे भाऊ, आखाजी म्हणजे आखाजी. तिला आणखी कोणती तारीख?"

साल मी सांगितलं, माझ्या लग्नाचं, ते मला पक्कं होतं. त्याच्या डोक्यावर झाडाच्या खोडाला कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यानं मान वळवली, या वर्षीची आखाजी पाहिली आणि ती तारीख त्या सालाला जोडली. "अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, दिनांक अमुक." नणंदेचा पोळा, तो मी सासूच्या तोंडून ऐकलेला. त्यानं परत मान वळवली, या वर्षीचा पोळा पाहिला आणि तिच्या सालाला जोडला. दोन्ही कागदांवर मी साक्षीदार. मी वाचून सह्या केल्या. सण दरवर्षी कॅलेंडरात पुढंमागं होतो, हे मला काय माहीत नव्हतं? साठ वर्षं उपास धरते आहे. पण त्या वेळी सुचलं नाही. टायपिंगवाल्यालाही नाही, आतल्या साहेबालाही नाही. दोन्ही दाखले मिळाले. तिनं तो कागद डोळ्यांना लावला, तिथल्या तिथं लॅमिनेशन करून घेतला आणि आम्हाला उसाचा रस पाजला. नणंद दोन ग्लास प्यायली.

वर्षभरानं आदेश आला. उशिरानं दिलेले दाखले सगळे तपासायचे, पोलिसांनी घरी जाऊन पाहायचं, खोटे निघतील त्यांच्यावर गुन्हा. कागदावर सगळ्यांसाठी एकच आदेश, पण तो कोणासाठी आहे हे गावात सगळ्यांना कळत होतं. कायद्यानंच सांगितलं की इथून दाखला घ्या. तिनं घेतला. मग म्हणाले, इथून का घेतलास?

हवालदार गावात आला. फोनवर दहा मिनिटं बोटं फिरवून त्यानं त्या सालाचं कॅलेंडर काढलं. त्या वर्षीची आखाजी पंधरा दिवसांनी पुढं होती. म्हणाला, "कागद खोटा आहे." मी म्हटलं, कागद चुकीचा आहे, जन्म खरा आहे. त्याला मी परसात नेलं, निंबाचं बूड दाखवलं. "इथं तिची वार पुरली आहे, साहेब."

तो हसला. "आजी, झाडाची सही आणा मग."

तुझा काका, माझा पुतण्या, तिथं उभा होता. तो आता पंचायतीत सदस्य आहे, पुढं जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे. तोही हसला.

आणि नणंदेच्या पोळ्याचं काय झालं? तोही दाखला तितकाच चुकलेला, त्याच माणसाच्या बोटांनी, त्याच कॅलेंडरावरून. पुतण्यानं आत्याचा कागद खिशात घातला, ऑफिसात गेला, "टायपिंगची चूक" म्हणून दुरुस्ती करून, शिक्का मारून संध्याकाळी परत आणला. ती आता एसटीत फुकट हिंडते. त्या पोरीच्या कागदावर मात्र लाल रेघ आणि "बनावट" असा शेरा. तुला वर्गात शिकवतात ना, कायद्यापुढं सगळे समान? दोन कागद जवळजवळ ठेवून मी ते पाहिलं आहे. नणंदेला म्हटलं, "तू तरी सांग त्यांना." ती म्हणाली, "मना कागद परत मांगतीन ना व मंग." तिचा कागद परत मागतील, म्हणून ती गप्प.

मग मी ग्रामसभेला गेले. एवढ्या वर्षांत बायकांच्या बाजूला बसून फक्त उठून यायची मी. आत शिरतानाच हजेरीच्या वहीत सही घेतात, ठराव मागाहून लिहितात, हे सगळ्यांना माहीत. त्या दिवशी मी उभी राहिले. म्हटलं, ही पोर आपल्या गावात जन्मली असा ठराव करा, माझ्याशिवाय अजून चार म्हातारी माणसं जिवंत आहेत ज्यांनी तिला दुपट्यात पाहिलं आहे.

ग्रामसेवक म्हणाला, "विषयपत्रिकेवर नाही."

"मग ऐन वेळच्या विषयात घ्या. गटारीचा घेता ना?"

पुतण्या मागून बोलला. "मोठी माय, आज एकीला दिला तर उद्या अख्खा बांगलादेश आखाजीला येईल. एवढा आमरस कुठून आणायचा?"

सगळी सभा हसली. हसणाऱ्यांची तोंडं मी एकेक करून पाहिली. एकजण तिच्या बापानं पिंजलेल्या गादीवर जन्मलेला. एकीच्या हळदीत ती पोर आठ दिवस राबलेली. मी म्हटलं, ज्यांना वाटतं ती इथली आहे त्यांनी हात वर करा. कोणाचा हात गेला नाही. नणंद माझ्या शेजारी बसली होती. तिनं हात पदराखाली घेतला. ग्रामसेवकानं वहीत लिहिलं की चर्चा झाली नाही. त्या पानावर माझी सही होती, आत येताना केलेली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. इतका वेळ त्याच्या कडेनंच फिरते आहे, तुला कळलं असेल.

पोलीस ठाण्यात मला बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला, बशीसकट. पंखा माझ्याकडे वळवला. साहेब वयानं तुझ्या बापापेक्षा लहान, फार गोड बोलत होता. "आजी, तुमची काय चूक? तुम्ही जुनी माणसं, साधी. हे लोक गोड बोलून सह्या घेतात. तुम्ही फसलात, एवढंच लिहू." मी म्हटलं, मला कोणी फसवलं नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही जाणूनबुजून खोटी साक्ष दिलीत असं होतं. मग गुन्हा तुमच्यावरही. या वयात?" पुतण्या माझ्या पायांशी उकिडवा बसला. त्यानं आवाज खाली आणला. "मोठी माय, घराण्यातली बाई कोर्टात उभी राहिली तर माझं तिकीट गेलं. तिला काही होत नाही, दंड होईल, सुटेल. तू कर सही."

तिकडं बाकावर ती बसली होती, धुळ्याहून आणलेली. तिला कोणी चहा दिला नव्हता. आमच्यामध्ये दहा पावलं असतील. ती माझ्याकडे बघत होती आणि, तुला खरं सांगते, तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. अक्का आली, आता झालं काम, असा चेहरा होता तिचा. आखाजीला दारात यायचा तसा.

जबाबात लिहिलं होतं, "सदर महिलेला मी जन्मापासून ओळखत नाही. तिने मला गोड बोलून सही करण्यास भाग पाडले." माझा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. उजेड भरपूर होता. मी प्रत्येक अक्षर वाचलं. आणि सही केली.

तू विचारलंस का. भ्याले म्हणून. कोर्टाला भ्याले, पुतण्याला भ्याले, म्हातारपणी भाकरी कोण घालेल याला भ्याले. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. वर तो चहासुद्धा मी संपवला.

माझ्या एका सहीवर तिला आत ठेवलं. कायदा तर होताच, पण त्यानं नुसता कागद मागितला होता. बाकीचं आम्ही दिलं. नणंदेनं हात झाकून दिलं, गावानं हसून दिलं, मी माझ्या हस्ताक्षरात दिलं. तिच्या नवऱ्याला मागावरून काढलं. गुन्ह्यातल्या बाईचा नवरा नको म्हणे. मोठ्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. मतदार यादीतून नाव गेलं, तेही तिला मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

जामिनावर सुटल्यावर ती एकदा आली. आखाजी नव्हती, असाच कुठला तरी दिवस. ओरडली नाही. अंगणाच्या बाहेर, रस्त्यावर उभी राहिली. मी म्हटलं, आत ये, पोरी. ती आली नाही. हातात बांगड्या नव्हत्या. निंबाकडे बघत म्हणाली,

"मंग मी कवय जन्मनी, अक्का? तू सांग. तुलेच ठाऊक शे."

मग मी जन्मले तरी कधी. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पाणी पितेस का?" तिनं मान हलवली. मग म्हणाली, "नको. तुझ्या घरचं पाणी पाजलं म्हणून तुझा अजून एक जबाब घेतील." आणि गेली. पुतण्या ओट्यावर दात कोरत बसला होता. म्हणाला, "बघ, किती तोंड आलंय."

त्यानंतर मी झोका बांधला नाही. दोन वर्षं झाली. निंबाच्या फांदीवर दोराचे वळ तेवढे आहेत.

आता पुढचं ऐक, यासाठीच एवढं लिहिलं. मला समन्स आलं आहे. तिच्यावरच्या केसमध्ये सरकारतर्फे मुख्य साक्षीदार मी. तालुक्याच्या कोर्टात उभं राहून मला सांगायचं आहे की या बाईनं मला फसवलं. पुतण्या रोज जेवणाआधी माझी तालीम घेतो. "मोठी माय, वकिलानं विचारलं की काय म्हणायचं?" मी म्हणते, "फसवलं." "आणि जास्त विचारलं तर?" "आठवत नाही." तो ताटात भाकरी वाढतो. बरोबर उत्तर आलं की तूपही घालतो.

मी ठरवलं आहे की तिथं खरं सांगायचं. दिवा, खोली, वार, निंब, टायपिंगवाल्याचं कॅलेंडर, नणंदेचा पोळा, आणि तो चहा. जबाब खोटा होता असं सांगितलं तर माझ्यावर काय येईल, ते तू पुस्तकात बघून ठेव. मला सांगू नकोस. सांगितलंस तर मी घाबरेन. मला माझी खात्री नाही, बाई. एकदा खुर्ची दिली तर मी विकले गेले. उद्या कोर्टात कोणी "आजी, बसा" म्हणालं तर पुन्हा काय करेन, मला माहीत नाही. पुतण्या गाडीनं नेणार म्हणतो. त्याच्याबरोबर गेले तर कोर्टाच्या पायरीपर्यंत पुन्हा "आठवत नाही" होऊन जाईन.

म्हणून तू ये. माझ्यावर रागाव, वाटेत एक शब्द बोलू नकोस, चालेल. पण सकाळच्या एसटीनं ये, मला घेऊन जा, आणि मी पिंजऱ्यात उभी असेन तेव्हा मला दिसेल अशी बस. ती समोर असेल. तिच्याकडे मला बघवणार नाही, तुझ्याकडे बघून बोलेन. आखाजीच्या आधल्या आठवड्यातली तारीख आहे. एकदा माझा मुराळी आला नव्हता, त्याला कारण होतं. तुला कारण नाही. लवकर ये.